शेऱ्याचा रकाना

सोमवारी सकाळी पट्टीवालीने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला आणि मी बसा म्हणायच्या आधीच खुर्ची ओढून बसली. तेवढ्यावरूनच ओळखलं, आज डोक्याला ताप आहे.

पट्टीवाली म्हणजे आमच्या वनसंशोधन केंद्रातली नवी संशोधक. नवी म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेली, पण मी इथे एकोणीस वर्षं एकच प्लॉट सांभाळून बसले आहे, त्यामुळे माझ्या लेखी ती अजून नवीच. आल्या आल्या तिने माझ्या प्लॉटमधल्या साठ मोठ्या झाडांना पोलादी पट्ट्या बसवल्या. पट्टीला स्प्रिंग असते. झाड जाडावलं की पट्टी सरकते आणि केसाएवढी वाढसुद्धा वाचता येते. आमचं काम त्यामानाने बाळबोध. जमिनीपासून एकशे तीस सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण छातीएवढ्या उंचीवर, मोजणीची काठी टेकवायची, तिच्या टोकाशी झाडाला टेप गुंडाळायचा आणि घेर लिहायचा. वर्षातून एकदा, एकोणीसशे झाडं.

"साठ झाडांची सरासरी काढली," ती म्हणाली. "तीन वर्षांत पट्ट्या तीन मिलिमीटर सरकल्या. तुमचा टेप त्याच झाडांना सहा मिलिमीटर दाखवतो."

"मग पट्ट्या अडकल्या असतील."

"साठच्या साठ?"

"स्प्रिंगा कडक असतील. नाहीतर तुम्ही त्या चुकीच्या जागी बसवल्यात, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"मी एकशे तीसवरच बसवल्यात, मॅडम."

"आमचा टेप तुमच्या पट्टीच्या चार बोटं खाली येतो. काठी खोटं बोलते का?"

हा वाद आमच्यात तीन वर्षं चालला होता आणि दरवेळी मीच जिंकले होते, कारण खुर्ची माझी मोठी होती. पण यावेळी ती उठली नाही. "गुरुवारी तोड सुरू होतेय," ती म्हणाली, "म्हणून म्हटलं."

ही तोड मीच ओढवून घेतली होती. गेल्या महिन्यात माझा अहवाल गेला होता. जुनी, थोराड झाडं म्हणजे म्हातारी, त्यांची वाढ थांबलेली, जागा अडवून बसलेली, असं आमच्या खात्यात सगळे मानतात. माझं सगळं आयुष्य त्याविरुद्ध भांडण्यात गेलं. अहवालात मी आकड्यांनिशी दाखवलं की एकोणीस वर्षांत या झाडांचा घेर सरासरी चार सेंटिमीटरने वाढलाय, म्हणजे ती चांगली ठणठणीत आहेत. वाटलं होतं, आता तरी यांना कोणी म्हातारी म्हणणार नाही. म्हणाले नाहीत. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. नियम असा की जेवढी वाढ, तेवढी तोड, आणि वाढ तीन सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठी झाडंही तोडता येतात. माझ्याच आकड्यावर चौदा नंबरच्या कक्षातली, म्हणजे माझा प्लॉट असलेल्या जंगलाच्या तुकड्यातली, चारशे बारा झाडं मंजूर झाली. मी ज्यांच्या बाजूने साक्ष दिली त्यांनाच ती भोवली. तेव्हापासून मी ऑफिसात सगळ्यांवर खेकसत होते आणि घरी आईवर.

आता ही बाई म्हणत होती की तो आकडाच खोटा आहे.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं प्लॉटवर गेलो. तिसरा मामा. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ, आणि आमच्या प्लॉटचा पहिल्या दिवसापासूनचा मोजणीदार. त्याला मीच इथे चिकटवला. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "घरी तू चिमी. इथे मॅडम. सरमिसळ नको, लोक नावं ठेवतील." तो शब्द त्याने पाळला. कामावर तो मला अहो-जाहो करतो, आणि रविवारी घरी आला की बूट काढायच्या आधी ओरडतो, "चिमे, चहा टाक." मी मात्र त्याला दोन्हीकडे मामाच म्हणते आणि माझी जीभ दोन्हीकडे सारखीच चालते.

येत्या महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता. एकोणीस वर्षांत त्याने एकही झाड चुकवलं नव्हतं. झाडांना नंबर आहेत, पण त्याने काहींना नावंही दिली आहेत. बुंध्याला मोठं गाठोडं असलेल्या दोनशे सातला तो सासूबाई म्हणतो, कारण तिच्याभोवती टेप नीट बसायला नेहमी कुरकुर होते.

सासूबाईपाशीच आम्ही थांबलो. मामाने काठी बुंध्याला टेकवली. ही काठी त्यानेच पहिल्या वर्षी तासून केलेली, बरोबर एकशे तीस सेंटिमीटरची. झाडावर खिळा मारायचा नाही हा माझा नियम, आणि रंगाचा पट्टा ओढायचा नाही हा वरच्या साहेबांचा, कारण पर्यटकांना तो दिसतो. त्यामुळे दरवर्षी प्रत्येक झाडाशी काठी टेकवायची, ती दाबून जमिनीवर पक्की करायची आणि तिच्या वरच्या टोकाशी टेप लावायचा. टेप नेहमीप्रमाणे पट्टीच्या खाली आला.

"बघा," मी म्हटलं.

पट्टीवालीने खिशातून तिचा छोटा पोलादी टेप काढला. तिने झाड मोजलं नाही. काठी मोजली. मग टेप माझ्यासमोर धरला.

एकशे एकवीस.

मी टेप तिच्या हातातून हिसकावून घेतला आणि पुन्हा मोजलं. मग काठी उलटी करून मोजलं, जणू उलट बाजूने ती लांब होणार होती. खालचं टोक गुळगुळीत झालं होतं, साबणाच्या उरलेल्या वडीसारखं. खडकाळ जमीन, एकोणीसशे झाडं, एकोणीस वर्षं. दरवर्षी अर्धा सेंटिमीटर झिजली तरी झालं. काठी खाली येत गेली, टेप खाली येत गेला, आणि खोड खाली जाडच असतं. झाडांची अर्धी वाढ झाडांची नव्हतीच. ती या टोकाची होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती पहिल्यांदा मामावर उतरली, कारण तो सगळ्यात जवळ होता.

"मामा, हे काय आहे?"

"एकशे एकवीस, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "गेल्या वर्षी एकशे साडेएकवीस होती."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? इतकी वर्षं काठी हातात घेऊन फिरलास आणि एका शब्दाने बोलला नाहीस?"

पट्टीवाली दुसरीकडे बघायला लागली. मामाने टेप गुंडाळला, सावकाश, नेहमीसारखा. "सांगितलं होतं," तो म्हणाला. "चौथ्या वर्षी. मग नुसतं लिहीत गेलो."

"कुठे?"

"शेऱ्यात."

आमच्या नोंदपत्रकात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. पहिल्या वर्षी मीच मामाला बजावलं होतं की दिसेल ते तिथे लिही. तो इमानदारीने लिहायचा. माकडांनी फांदी मोडली, वाळवी लागली, सासूबाईंना नवी पालवी. पुढे पत्रकं कॉम्प्युटरवर चढवायची वेळ आली तेव्हा मी टायपिस्टला सांगितलं की घेर तेवढे घ्या, शेरा सोडा, त्यात माकडांच्या गोष्टी असतात. ते हसले होते, मीही हसले होते.

आम्ही जीपने केंद्रावर परत आलो. माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात एकोणीस फायली होत्या. कपाटाचं दार वाकलंय, ते लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, आणि त्या दिवशी मी ती जरा जास्तच मनापासून मारली. प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर, मोजणीच्या पहिल्या दिवशी, मामाचं ठसठशीत अक्षर होतं. काठी १३०. काठी १२९.५. काठी १२९. चौथ्या वर्षीची ओळ लांब होती. "काठी १२८.५. खाली लोखंडी टोपी बसवू का, किंवा नवी करू का, असे मॅडमना विचारले. बदलायची नाही म्हणाल्या."

मला तो दिवस आठवला. बाहेरून पाच-सहा पाहुणे संशोधक आले होते आणि मी त्यांना प्लॉट दाखवत होते. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या शेजारच्या केंद्राची दहा वर्षांची मोजणी रद्द झाली होती, मधेच टेप बदलला म्हणून, आणि मी धसका घेतला होता. तोच टेप, तोच माणूस, तीच काठी, हे मी मंत्रासारखं घोकायचे. मामा पाहुण्यांसमोर काठी घेऊन पुढे आला आणि काहीतरी म्हणाला. मी ते पुरतं ऐकलंही नाही. सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "काठीला हात लावायचा नाही. तू फक्त मोज, विचार करायला आम्ही आहोत." पाहुणे हसले. मामा म्हणाला, "बरं, मॅडम."

काठी बदलू नये म्हणून मी इतकी जपली आणि ती माझ्या डोळ्यांसमोर बदलत होती. ज्याच्या लक्षात आलं त्याला मी गप्प केलं. दोन दिवस मी स्प्रिंगांना, पट्टीवालीला, साहेबांना शिव्या घालत होते, आणि खापर फोडायला सगळ्यात योग्य डोकं माझ्याच धडावर होतं.

संध्याकाळी घरी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो आला होता त्या दिवशी. जेवला नाही. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाला, चिमी आता साहेबीण झाली, चांगलं झालं."

"तू मला बोलली नाहीस कधी."

"तो नको म्हणाला." तिने देठ मोडून बाजूला ठेवले. "आता रडू नकोस. झाडं उद्याची आहेत की परवाची?"

"परवाची."

"मग उद्या जा."

झाडांच्या बाबतीत मात्र मामाच्या शेऱ्याने आम्हाला तारलं. काठीची दरवर्षीची लांबी हाताशी होती, आणि पट्टीवालीने मंगळवारी दुपारीच पुन्हा प्लॉटवर जाऊन साठही झाडांचा घेर दोन्ही उंचीवर मोजून आणला होता. बुधवारी सकाळी तिने नवा आकडा काढून दिला. एकोणीस वर्षांत दोन सेंटिमीटर. तीनच्या बराच खाली. म्हणजे नियमाने चौदा नंबरच्या कक्षातलं एकही मोठं झाड तोडता येत नव्हतं.

"मी म्हटलं होतं असं म्हणायचं असेल तर म्हणून घ्या," मी तिला म्हटलं.

"नंतर म्हणेन," ती म्हणाली. "आधी साहेबांकडे जा."

साहेब म्हणजे विभागीय कार्यालयाचे अधिकारी. वाईट माणूस नाही. पण फाईल एकदा टेबलावरून गेली की ती परत येणं म्हणजे त्यांना पोटात दुखल्यासारखं होतं. मी मामाला बरोबर नेलं, काठी आणि फायलींसकट. साहेबांनी सगळं ऐकलं, काठी हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला.

"मॅडम, मंजुरी झालेली आहे. गाड्या आल्यात. माणसं आलीत."

"आकडा चुकलाय, साहेब."

"चुकला तर पुढच्या अहवालात दुरुस्त करा."

"पुढच्या अहवालापर्यंत झाडं राहणार नाहीत."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. आकडे मागे घ्यायचे असतील तर एक दुरुस्ती अर्ज असतो. त्यात कारण आपल्या शब्दांत लिहिता येत नाही, यादीतून निवडावं लागतं. टंकलेखनातील चूक. उपकरणातील बिघाड. क्षेत्रीय कर्मचाऱ्याची चूक. नैसर्गिक आपत्ती. इतर. संशोधकाची चूक अशी ओळच नव्हती. ज्यांनी यादी केली त्यांच्या डोक्यात ती आली नसणार, आणि यादी करणारे बहुधा संशोधकच असणार.

मी "इतर" निवडलं. पडद्यावर आलं की अर्ज समितीपुढे जाईल. समितीची बैठक पुढच्या महिन्यात होती.

मी "उपकरणातील बिघाड" निवडलं. त्याने उपकरणाचा नंबर आणि निर्मात्याचं प्रमाणपत्र मागितलं.

"निर्माता कोण?" साहेबांनी विचारलं.

"हे बसलेत," मी म्हटलं.

मामाने नमस्कार केला. साहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं. "क्षेत्रीय कर्मचाऱ्याची चूक टाका ना," ते म्हणाले. "त्याला समिती लागत नाही. नाव भरलं की तोड आपोआप स्थगित. आजच्या आज."

"आणि ज्याचं नाव भरलं त्याचं काय?"

"काही नाही हो. फाईलमध्ये शेरा जातो. त्या प्लॉटच्या कामावरून माणूस कमी होतो. कायमचा. हे तसेही निवृत्तच होतायत." त्यांनी मामाकडे बघून मान हलवली, अगदी सहज. "एवढं काय त्यात?"

एवढंच होतं की एकोणीस वर्षं एकही झाड न चुकवलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात शेवटची ओळ म्हणून चूक लिहिली जाणार होती. जी त्याने केली नव्हती. जी त्याने एकोणीस वेळा स्वतःच्या हाताने लिहून दिली होती.

"घाला माझं नाव, मॅडम," मामा म्हणाला. "झाडं महत्त्वाची."

"बघा," साहेब म्हणाले, "तेच म्हणतायत."

मला त्या दोघांचाही भयंकर राग आला. साहेबांचा आला कारण त्यांना हे सोपं वाटत होतं. मामाचा आला कारण तो चौथ्या वर्षी जसा "बरं, मॅडम" म्हणाला होता अगदी तशाच आवाजात बोलत होता. आणि सगळ्यात जास्त माझा आला, कारण एका क्षणासाठी, खोटं कशाला बोलू, माझा हात कीबोर्डवर त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत गेला होता. माझी ती साठ झाडं, ती सासूबाई, अजून नऊ वर्षांची माझी नोकरी, सगळं माझ्याकडे राहिलं असतं. तो तर जाणारच होता.

मी "क्षेत्रीय कर्मचाऱ्याची चूक" निवडलं आणि नावाच्या जागी माझं नाव लिहिलं.

साहेबांनी चष्मा वर केला. "मॅडम, तुम्ही क्षेत्रीय कर्मचारी नाही. तुम्ही प्रकल्पप्रमुख आहात."

"अर्जात पद विचारलेलं नाही. नाव विचारलंय."

"तुम्हाला त्या प्लॉटवर पाय ठेवता येणार नाही. कळतंय का? एकोणीस वर्षांचं काम आहे तुमचं."

"कळतंय."

"मग प्लॉट कोण बघणार?"

"पट्टीवाली बघेल," मी म्हटलं. तोंडातून तिचं टोपणनावच निघालं, पण साहेबांना कळलं. "तिची उंची बरोबर आहे."

पुरावा जोडायला जागा होती. मी चौथ्या वर्षीचं पान जोडलं. साहेबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग माझ्याकडे न बघता शिक्का मारला. प्रिंटर नेहमीप्रमाणे दोनदा अडकला. तिसऱ्यांदा स्थगितीचा आदेश बाहेर आला, जरा तिरका, पण वाचता येत होता. साहेबांनी समोरच फोन करून गाड्या परत पाठवायला सांगितल्या. पलीकडचा माणूस बराच वेळ ओरडत होता.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. फाटकापाशी दोन पहारेकरी आणि दोन-चार कारकून चहा पीत उभे होते. मला वाईट वाटत होतं, सरळ सांगायचं तर फार वाईट वाटत होतं. दोनशे सातला या वर्षी पालवी आली का ते आता मला दुसऱ्या कुणाच्या शेऱ्यात वाचावं लागणार होतं. आणि शेरा वाचायची सवय मला नव्हती.

"मी म्हटलं होतं ना, माझं नाव घाला," मामा म्हणाला. तो चिडला होता. तो चिडलेला मी कामावर कधी पाहिला नव्हता. "आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाहीत, मॅडम. आजही नाही."

 त्याने माझ्या हातातल्या फायली घेतल्या, काठी काखेत मारली आणि फाटकाच्या दिशेने दोन पावलं गेला. मग मागे वळला. कारकून बघत होते, पहारेकरी बघत होते, साहेब खिडकीत होते.

"चल, चिमे," तो मोठ्याने म्हणाला. "ताई जेवायची थांबली असेल."